आजोबांचा रेझर : गिलीट करून घेऊ की तसाच ठेवू?

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्यात भुसावळचं घर रिकामं केलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, रेल्वेचे पास आणि वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली, अण्णांचं (म्हणजे माझ्या आजोबांचं) दाढीचं सामान सापडलं. केस झडलेला ब्रश, पितळी वाटी, झिजून चिपेएवढा झालेला तुरटीचा खडा आणि एक रेझर. रेझरचे तीन तुकडे होतात: टोपी, मधली पट्टी, दांडा. पट्टीच्या खालच्या बाजूला 'जिलेट' आणि 'मेड इन इंग्लंड' असं कोरलंय. मूळ रंग चांदीसारखा असावा. आता कडांना पिवळं पितळ उघडं पडलंय, आट्यांमधे हिरवा कळक बसलाय.

आई सांगते की अण्णा भुसावळच्या लोको शेडमधे फिटर होते, तेव्हा त्यांच्या फोरमन साहेबाने १९४७ साली विलायतेला परत जाताना हा त्यांना दिला. आमचे एक पाहुणे म्हणाले, सराफाकडे नेऊन गिलीट करून घे, म्हणजे धातूचा नवा मुलामा चढव, नव्यासारखा होईल. तर तीन प्रश्न:

करून घेऊ का? हा नक्की कधीचा असेल? आणि याने खरंच दाढी करता येईल का?

तुरटी

थांबा! सराफाकडे नेऊ नका. पाहुण्यांना चहा द्या आणि विषय बदला.

आधी फोटो टाका. मधली पट्टी उलटी करून एक, टोपी आतून एक, दांड्याचं तोंड आणि बूड एक. पट्टीच्या कडेला कंगव्यासारखे दाते आहेत की सलग कड आहे, ते नीट दिसू दे. आणि घरात कुणी चिंच-रांगोळी घेऊन त्याच्या मागे लागलं असेल तर त्यांनाही आवरा.

खोडसाळपंत

प्रत्येक मराठी घरातल्या जुन्या वस्तूला एक साहेब असतोच. आमच्याकडे साहेबाची खुर्ची आहे. मागच्या दिवाळीत पालथी केली तर खाली उल्हासनगरच्या दुकानाचा शिक्का निघाला. वडील अजून बोलत नाहीत माझ्याशी.

तापीकाठ

@तुरटी, फोटो जोडलेत. दाते नाहीत, सलग कड आहे. दांडा पोकळ वाटतो, वर आडव्याउभ्या रेघांची नक्षी आहे. चिंचेबद्दल कसं ओळखलंत? आईने भिजत घातली होती.

@खोडसाळपंत, आमचा साहेब खरा आहे.

तुरटी

फोटो बघितले. हा 'टेक' आहे, जिलेटचा सगळ्यात साधा आणि बहुधा सगळ्यात शहाणा रेझर. टेक बाजारात आला १९३८ मधे. त्याआधीच्या जिलेटांना कंगव्यासारखे दाते असायचे. टेकमधे ते जाऊन सलग कड आली, त्यामुळे पात्याखालची कातडी ताणलेली राहते आणि नवशिक्याचाही गाल सहसा कापत नाही. म्हणजे तुमच्या साहेबाच्या गोष्टीला निदान तारखेची अडचण नाही. १९४७ मधे साहेबाकडे टेक असू शकतो. पण टेक पुढे कितीतरी वर्षं निघत होता, त्यामुळे 'असू शकतो' यापलीकडे मी जाणार नाही.

अमेरिकन जिलेट असता तर काम सोपं होतं. १९५० नंतरच्या त्यांच्या रेझरांवर डोक्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा असतो, अक्षर वर्षाचं आणि आकडा तिमाहीचा. माझ्याकडे त्यांचाच सुपर स्पीड नावाचा एक रेझर आहे, मामांनी डेट्रॉइटहून आणलेला. त्यावर ई-३ आहे, म्हणजे १९५९ ची तिसरी तिमाही. लोक यावरून स्वतःच्या जन्मसालाचा रेझर शोधत फिरतात. माझा अजून मिळालेला नाही, आणि कुठलं साल शोधतोय ते सांगणार नाही.

हाउन्स्लोकर

वा, धागा आवडला. मी लंडनच्या पश्चिमेला राहतो. तुमचा रेझर बहुतेक माझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर जन्मला असणार. ग्रेट वेस्ट रोडवर आयझलवर्थला जिलेटचा कारखाना १९३७ मधे सुरू झाला. विटांची लांबच लांब इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा. बॅनिस्टर फ्लेचर नावाच्या वास्तुविशारदाची रचना. त्या चौकाला आजही सगळे जिलेट कॉर्नर म्हणतात, बसमधल्या घोषणेतसुद्धा. उत्पादन २००६ मधे बंद झालं, काम पोलंडला गेलं. इमारत वारसा यादीत असल्यामुळे उभी आहे.

आमच्या गल्लीतल्या एका पंजाबी काकांनी तिथे पॅकिंगला काम केलं होतं. ते स्वतः सरदारजी. "आयुष्यभर ब्लेडं बांधली, एक वापरलं नाही," म्हणतात आणि स्वतःच खदाखदा हसतात.

अर्थशास्त्री_अर्धवट

जिलेट म्हणजे तेच ना, रेझर फुकट वाटायचा आणि ब्लेडवर कमवायचं? आम्हाला एमबीएला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

तुरटी

सगळ्यांनाच शिकवतात, आणि निदान सुरुवातीच्या काळापुरतं ते चूक आहे.

किंग कँप जिलेट (हे खरं नाव, पदवी नाही) बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. त्या बुचांचा जनक विल्यम पेंटर. एकदा वापरून फेकायची वस्तू काढ, हा सल्ला त्याने दिला असं सांगतात. कल्पना सुचली, पण कागदाइतक्या पातळ पोलादाला धार लावता येईना. ते यंत्र विल्यम निकर्सन या इंजिनिअरने जमवलं, आणि त्याचं नाव कुणाला आठवत नाही. १९०३ मधे, विक्रीच्या पहिल्या वर्षात, गेले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ ला. रेझरची किंमत होती ५ डॉलर, तेव्हाच्या कामगाराच्या आठवड्याच्या पगाराचा मोठा लचका. फुकट कसला! पेटंट १९२१ मधे संपलं, दुसऱ्यांना नक्कल करायची मुभा मिळाली, तेव्हा कुठे स्वस्त रेझरांचा खेळ सुरू झाला.

आणि हा माणूस मनाने समाजवादी होता. सगळ्या अमेरिकेने नायगाऱ्याच्या विजेवर चालणाऱ्या एकाच महानगरात राहावं असं त्याचं स्वप्न. ते राहिलं, पाती चालली.

एक गंमत सांगतो. माझ्या कपाटात पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा दातेरी जिलेट आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं आजचं ब्लेड त्यात बिनतक्रार बसतं. शंभर वर्षं झाली. माझा मागच्या वर्षीचा मोबाइलचा चार्जर आज चालत नाही.

तापीकाठ

वाचतोय, मजा येतेय. पण स्वच्छ कसा करू? आई रोज विचारते की चिंचेचं काय करू.

तुरटी

चिंचेची आमटी करा.

आता गंभीरपणे. टेक आतून पितळेचा, वर निकेलचा पातळ मुलामा. आंबट काहीही, म्हणजे चिंच, लिंबू, व्हिनेगर, उघड्या पितळेवर फार वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि तांब्याचे गुलाबी डाग उरतात. ते डाग घासून जात नाहीत, कारण ते वर बसलेले नसतात, तो धातूच तसा झालेला असतो. भांडी घासायच्या पावडरीत बारीक वाळूसारखं काहीतरी असतंच. तिने कळक जाईल, त्याच्याबरोबर उरलेलं निकेलही जाईल.

कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार थेंब, तुकडे सुटे करून रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी मऊ टूथब्रश. आट्यांमधे दात कोरायची काडी. पन्नास वर्षांचा साबण चुन्यासारखा बसलेला असतो, एका रात्रीत जात नाही, दोन-तीन वेळा करा. राहिलेच हट्टी डाग तर बोटावर साधी पांढरी टूथपेस्ट, ब्रशवर नाही. शेवटी औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, आणि आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

उकळायचा मात्र नाही. हे मी अनुभवाने सांगतो. माझा पहिला चांगला रेझर सोनेरी मुलाम्याचा होता, त्यावर लाखेसारखा पारदर्शक थर असतो. मी जंतू मरावेत म्हणून तो सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकला. दहा मिनिटांनी काढला तेव्हा थराचे पापुद्रे उन्हाळ्यात सोललेल्या नाकासारखे सुटत होते. बायको म्हणाली, "जंतू मेले ना?"

मुलामेवाला_नाशिक

माझा धंदाच प्लेटिंगचा आहे, म्हणून पाहुण्यांच्या सल्ल्यावर लिहितो. फुकटचं काम नाकारतोय हे लक्षात घ्या.

लोकांना वाटतं नवा मुलामा जुन्याच्या वर चढतो. तसं नसतं. आधी जुनं निकेल उतरवावं लागतं, मग वस्तू बफच्या, म्हणजे पॉलिशच्या, चाकावर धरून गुळगुळीत करावी लागते. चमक मुलाम्याची नसते, चमक बफची असते. मुलामा काही मायक्रॉनांचा, खाली जसं असेल तसंच वर दिसणार. खड्डा असेल तर चकचकीत खड्डा दिसेल. आणि बफ कडा खातो. कोरलेली अक्षरं पुसट होतात, दांड्यावरची नक्षी बोथट होते. रेझरच्या बाबतीत अजून वाईट म्हणजे टोपीची कड पात्याला जिथे दाबते तिथे फरक पडला तर पातं एका बाजूने जास्त बाहेर डोकावतं. मग एक गाल गुळगुळीत आणि दुसरा रक्तबंबाळ.

सराफाकडचा बफ दागिन्यांचा असतो, त्याला या कडेचं महत्त्व माहीत असायचं कारण नाही. त्याचा दोष नाही. आणि घरी बॅटरी-वायर लावून मुलामा चढवायचे व्हिडिओ बघून कुणी प्रयोग करणार असेल तर कृपया नको. सोन्या-चांदीच्या बाथमधे, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणात, सायनाइड असतं.

मुलामा कधी द्यावा? पितळ पूर्ण उघडं पडलं असेल, रोज वापरायचा असेल आणि विकायचा नसेल तेव्हा. तोही रेझरची कामं केलेल्या माणसाकडून. तुमच्या फोटोत सत्तर टक्के निकेल शाबूत दिसतंय. हात लावू नका.

खोडसाळपंत

म्हणजे जिलेटला गिलीट नको. एवढं एका ओळीत सांगता आलं असतं.

पेठेतला_भटक्या

थोडं अवांतर. पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक रोल्स रेझर मिळाला. विकणाऱ्याला तो सिगारेटची डबी वाटत होता, मी चूक दुरुस्त केली नाही. पाप लागेल ते लागो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: चपटी धातूची पेटी. दोन्ही बाजूंची झाकणं निघतात. एका झाकणात धार लावायचा दगड, दुसऱ्यात चामड्याचा पट्टा. मधे एकच जाडजूड पातं, वस्तऱ्याच्या तुकड्यासारखं. पेटीतली मूठ पुढेमागे ढकलायची, प्रत्येक फेरीला पातं आपोआप पालथं होतं आणि टक्-टक् आवाज येतो. रोज सकाळी पट्ट्यावर, अधूनमधून दगडावर. एक पातं वर्षानुवर्षं. ब्लेड विकत घेणं म्हणजे उधळपट्टी वाटणाऱ्या माणसांसाठी बनवलेली वस्तू, त्यामुळे सदाशिव पेठेच्या एवढ्या जवळ सापडली यात नवल नाही.

माझ्या पेटीवर 'इंपीरियल नंबर २' लिहिलंय. यंत्र चालतंय, दगडाला तडा नाही, पण चामडं सुकून पापडासारखं झालंय. एरंडेल लावू का?

तुरटी

तडा नाही म्हणजे नशीब. खाली पडला की तो दगड फुटतोच.

एरंडेल अगदी बोटाच्या टोकावर घेऊन एकदा, मग दोन दिवस तसंच ठेवा. तुपासारखं थापू नका. चामडं तेलकट झालं की पातं नुसतं सरकतं, धार येत नाही. फारच कडक असेल तर जुनं चामडं काढून नवी पट्टी चिकटवणारे लोक आहेत, पण जाडी तेवढीच हवी, नाहीतर पात्याचा कोन बदलतो.

या कंपनीचा शेवटही ऐकण्यासारखा आहे. १९५० च्या दशकाअखेर जॉन ब्लूम नावाच्या तरुणाने ती हाताशी धरली आणि त्याच नावाखाली घरोघर स्वस्त वॉशिंग मशीन विकायला लागला. धंदा फुगला, आणि १९६४ च्या जुलैमधे दिवाळं वाजलं. इंग्लंडात त्यावर मोठा गदारोळ झाला होता.

मुलामेवाला_नाशिक

एरंडेलाला माझा विरोध आहे. ते चिकट होतं, धूळ धरतं. चामडं ओलसर फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, तळहाताने घासा. तळहाताचं तेल पुरतं. जुने न्हावी वस्तऱ्याच्या पट्ट्याला हेच करायचे.

तुरटी

जुने न्हावी दिवसात वीसदा पट्ट्यावरून हात फिरवायचे. पन्नास वर्षं बंद पेटीत पडलेल्या चामड्याला तळहाताने काय होणार?

पेठेतला_भटक्या

तुमचं होऊ द्या, मी थांबतो.

वागळे_इस्टेटची_पोर

बायकांनी या धाग्यावर लिहिलं तर चालेल ना?

ठाण्याला वागळे इस्टेटमधे ब्लेडचा मोठा कारखाना होता. माझे बाबा तिथे. आमच्या घरात ब्लेड हा जेवणाचा विषय होता. पोलादाची पट्टी गुंडाळीतून येते, आधी तिला भोकं पडतात, मग भट्टीतून कडक होते, मग धार, आणि शेवटी कडेवर क्रोमियम-प्लॅटिनमसारख्या धातूचा आणि टेफ्लॉनचा लेप. बाबा म्हणायचे, धारेपेक्षा लेप महत्त्वाचा, लेप नसेल तर कितीही धारदार पातं केस ओढतं.

त्यांच्याकडून ऐकलेलं अजून एक. स्टेनलेस पाती विल्किन्सनने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली, त्याआधी बहुतेक सगळी साध्या पोलादाची. ओली राहिली की दुसऱ्या दिवशी गंज. म्हणून तापीकाठ, तुमचे अण्णा दाढी झाल्यावर रेझर सुटा करून पुसत असणार. पुसण्याचे ओरखडे टोपीच्या आतल्या बाजूला दिसतात का बघा. शिवाय माझे आजोबा ब्लेड काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला घासून आणखी आठवडाभर चालवायचे. मग ते आजीकडे जायचं, शिलाई उसवायला. मग आमच्याकडे, पेन्सिलीला.

तापीकाठ

ओरखडे आहेत! बारीक, सगळे एकाच दिशेने. काय म्हणता!

तीन रात्री साबणात ठेवला. दुसऱ्या रात्रीचं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. कळक काडीने निघाला. पितळ उघडं पडलंय तिथे अंगठा बसतो, दांड्याच्या बरोबर मधे. निकेल तिथेच झिजलंय, बाकी दांडा चांगला आहे. माझा अंगठा ठेवून बघितला, जरा खाली येतो. अण्णांचे हात लहान होते.

चिंचेची आमटी झाली.

आता मोठी बातमी. आत्याला फोटो पाठवला तर ती म्हणाली, याचं खोकं माझ्याकडे आहे. अण्णांच्या माघारी तिने ते बटणं ठेवायला नेलं होतं. तिच्या नातीने फोटो काढून पाठवला. पुठ्ठ्याचं खोकं, वर तेच नाव, आणि तळाला रबरी शिक्क्याने किंमत: रु. ५, ७५ न.पै.

खोडसाळपंत

न.पै.!!!

साहेब गेला हो, साहेब गेला.

तुरटी

म्हणजे काय ते नव्या मंडळींसाठी सांगतो. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे आणे जाऊन दशमान पैसे आले. जुन्या पैशाशी घोळ होऊ नये म्हणून त्यांना 'नये पैसे' म्हणायचे, आणि १ जून १९६४ ला 'नये' हा शब्द गेला. म्हणजे हे खोकं १९५७ ते १९६४ च्या दरम्यान आपल्याकडच्या एखाद्या दुकानात होतं. तुमच्या अण्णांनी तो रोख पैसे देऊन घेतला.

शक्यता म्हणून एवढं म्हणता येईल की खोकं एका रेझरचं आणि रेझर दुसरा. पण आत्या म्हणते याचंच, तर याचंच.

हाउन्स्लोकर

फिटरच्या पगारात पावणेसहा रुपये तेव्हा खेळ नव्हता. मला तर साहेबापेक्षा हीच गोष्ट जास्त आवडली.

तापीकाठ

आज सकाळी दाढी केली. आधी कोरं ब्लेड लावून दोन्ही बाजूंनी उजेडात बघितलं, सारखंच बाहेर आहे. इथे सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे दाब दिला नाही, रेझरच्या वजनावर सोडलं. तरी हनुवटीखाली एकदा लागलं, कारण पंधरा वर्षं तीन पात्यांच्या रेझरने रेटायची सवय. तुरटी फिरवली, अण्णांचीच. झोंबली.

आईला न.पै.चं सांगितलं. ती म्हणाली, शिक्का चुकला असेल.

खोडसाळपंत

आत्याला विचारलंत का मग, साहेबाची गोष्ट आली कुठून?

तापीकाठ

विचारलं. साहेब खरा होता म्हणे. गेला तोही १९४७ मधेच. पण त्याने अण्णांना दिली ती कात्री होती, मिशा कापायची, विलायती.

कात्री कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. ट्रंकेत नाही, मी परत जाऊन बघितलं.